मातीखालची साक्ष : लोड्झच्या घेट्टोतील छायाचित्रे

युद्धाचा इतिहास आपण शिकतो तो बहुधा सेनापतींचा, तहांचा आणि नकाशावरच्या बाणांचा. 'दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा', 'परिणाम स्पष्ट करा', 'टीपा लिहा' अशा प्रश्नांची उत्तरे आपण वर्षानुवर्षे लिहीत आलो. जर्मनीने १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर स्वारी केली, हे आपल्यापैकी पुष्कळांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. परंतु त्या तारखेनंतर पोलंडमधल्या एखाद्या घरात चूल पेटली की नाही, रांगेत उभे राहून पाव कोणी आणला, पोरे कोणता खेळ खेळली, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. आणि सांगावे अशी आपली अपेक्षाही नसते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. युद्धकाळात सामान्य माणूस रोजचा दिवस कसा काढत होता, याचा पुरावा शोधायचा कुठे? पत्रे असतात, रोजनिशा असतात, शिधापत्रिका असतात. आणि छायाचित्रे असतात. युद्धाची छायाचित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे, खंदक आणि सलामी घेणारे पुढारी येतात. ती बहुतेक लष्कराच्या परवानगीने आणि लष्कराच्या सोयीने काढलेली असतात. मला येथे लिहायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या छायाचित्रांविषयी. ज्यांच्या हाती बंदूक नव्हती, खिशात वार्ताहराचा परवाना नव्हता, अशा नागरिकांनी आपल्याच गल्लीची, आपल्याच शेजाऱ्यांची जी छायाचित्रे काढली, त्यांच्याविषयी. उदाहरणादाखल मी पोलंडमधील एकच शहर घेणार आहे. एकाच शहराकडे नीट पाहिले तर या विषयातील बहुतेक सर्व प्रश्न तेथे भेटतात, असा माझा अनुभव आहे.

शहर आणि कुंपण

या शहराला पोलिश लोक 'वूच' म्हणतात. आपल्या वाचनात ते 'लोड्झ' म्हणून येते, म्हणून मीही तेच नाव वापरतो. कापडगिरण्यांमुळे त्याला 'पोलंडचे मँचेस्टर' म्हणत. आपल्याकडे इचलकरंजीला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. युद्धापूर्वी शहराच्या लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश लोक ज्यू होते. त्यांत गिरणीमालक होते, शिंपी होते, डॉक्टर होते, हातगाडी ओढणारेही होते. ज्यू म्हटले की आपल्याला कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले 'शनवार तेली' आठवतात. येथे शतकानुशतके शेजार लाभलेल्या या समाजाकडे पाहून युरोपातील ज्यूंच्या वाट्याला काय आले याची कल्पना करणेही आपल्याला जड जाते.

८ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा लोड्झमध्ये शिरल्या. पुढच्या वर्षी शहराचे नावच बदलून एका जर्मन सेनापतीच्या नावावरून 'लिट्झमनश्टाट' असे ठेवण्यात आले. फेब्रुवारी १९४० मध्ये ज्यूंना शहराच्या एका गरीब, पडक्या भागात राहायला जाण्याचा हुकूम निघाला आणि एप्रिलच्या अखेरीस तो भाग कुंपण घालून बंद करण्यात आला. हाच लोड्झचा 'घेट्टो'. सुमारे चार चौरस किलोमीटर जागेत एक लाख साठ हजारांच्या आसपास माणसे कोंडली गेली. तेथे मैलापाण्याची नळयोजना नव्हती. घेट्टोच्या मधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांवरून बाहेरच्या शहराची ट्रॅम धावे. ते रस्ते घेट्टोत मोडत नसत. म्हणून ज्यूंना एका बाजूकडून दुसरीकडे जाण्यासाठी रस्त्यावरून लाकडी पूल बांधण्यात आले. खालून ट्रॅममधले लोक जात आणि वरून कोटावर पिवळा तारा शिवलेली माणसे जिने चढत-उतरत. आत चलनही वेगळे होते, ते बाहेर कवडीमोल होते. त्यामुळे चोरून अन्न आणण्याची वाटही जवळजवळ बंद झाली.

घेट्टोचा अंतर्गत कारभार जर्मनांनी नेमलेल्या एका ज्यू प्रमुखाकडे होता. त्याचे नाव खाइम रुमकोव्स्की. आपण जर्मनांच्या उपयोगी पडलो तरच जगू, अशी त्याची धारणा होती. म्हणून त्याने घेट्टोत शिवणकाम, चामडे, लाकूडकाम, गवताचे जोडे असे नाना तऱ्हेचे कारखाने उभे केले. जर्मन सैन्याचे गणवेश येथे शिवले जात. लहान मुलेही कामाला लावलेली होती. रुमकोव्स्कीविषयी आजही एकमत नाही. काहींच्या मते त्याने वेळ मिळवून दिला, काहींच्या मते तो मारेकऱ्यांचा मदतनीस झाला. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याने भरसभेत आईबापांकडे त्यांची मुले मागितली. दहा वर्षांखालील मुले, म्हातारी माणसे आणि आजारी यांना 'पाठवून' देण्याचा जर्मनांचा हुकूम होता. आठवडाभर संचारबंदी पुकारून घरोघर झडत्या झाल्या आणि पंधरा हजारांहून अधिक लोकांना चेल्म्नो येथे नेऊन विषारी वायूने ठार करण्यात आले. घेट्टोच्या कुंपणाच्या आत भुकेने व रोगाने मेलेल्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये उरलेल्या साठ हजारांहून अधिक माणसांना आउश्वित्झला धाडले गेले. रुमकोव्स्कीही त्यांत होता.

सरकारी कॅमेरा, खासगी फिल्म

एवढा भयंकर कारभार असूनही, किंवा त्यामुळेच म्हणा, घेट्टोत कागदपत्रांना तोटा नव्हता. रुमकोव्स्कीच्या कचेरीत एक संख्याशास्त्र विभाग होता. तेथे जन्म, मृत्यू, शिधा, उत्पादन यांची नोंद होई. ओळखपत्रांसाठी फोटो लागत आणि कारखान्यांचे काम किती झकास चालले आहे हे जर्मन अधिकाऱ्यांना दाखवण्यासाठी फोटोंचे अल्बमही लागत. त्यासाठी या विभागात छायाचित्रकार नेमलेले होते. त्यांपैकी दोघांची नावे आपण लक्षात ठेवायला हवीत : मेंडेल ग्रॉसमन आणि हेन्रिक रॉस.

रॉस १९१० साली जन्मला. युद्धापूर्वी तो वृत्तपत्रासाठी खेळांचे फोटो काढत असे. ग्रॉसमनला चित्रकलेची व शिल्पकलेची ओढ होती. त्याचे हृदय कमकुवत होते. दोघांनाही कामासाठी कॅमेरा, फिल्म आणि रसायने मिळत. खासगी फोटो काढण्याला मात्र सक्त मनाई होती. ग्रॉसमनला तर रुमकोव्स्कीने तशी लेखी ताकीद दिली होती. पकडले गेले असते तर स्वतःचा जीव आणि कुटुंबाचाही जीव, असा तो सौदा होता. तरीही दोघांनी चोरून हजारो छायाचित्रे काढली.

हे त्यांनी कसे साधले, ते समजून घेण्यासारखे आहे. हल्ली आपण फोनवर एका मिनिटात वीस फोटो काढतो आणि अठरा पुसून टाकतो. त्यामुळे फिल्मची कथा थोडी सांगावी लागेल. फिल्मच्या एका रोलमध्ये ठरावीक फोटो निघत. काढलेली फिल्म काळोख्या खोलीत रसायनांत धुवावी लागे. मग तिच्यावर उलटी प्रतिमा उमटे, तीच निगेटिव्ह. त्यावरून कागदावर हवे तेवढे फोटो छापता येत. म्हणजे चोरून फोटो काढायचा तर नुसते धाडस पुरत नाही. फिल्म वाचवावी लागते, रसायने वाचवावी लागतात, काळोखी खोली लागते आणि शेवटी निगेटिव्ह लपवायला जागा लागते. या चारही गोष्टी सरकारी नोकरीमुळेच रॉसच्या आणि ग्रॉसमनच्या आवाक्यात आल्या.

फिल्म वाचवण्याची रॉसची युक्ती मोठी साधी होती. ओळखपत्राचे फोटो एकेकाचे काढण्याऐवजी तो अनेकांना पायऱ्यापायऱ्यांच्या मंचावर उभे करून एकाच निगेटिव्हवर सर्वांना टिपी आणि नंतर छापताना एकेक चेहरा वेगळा करी. उरलेली फिल्म त्याची स्वतःची. रस्त्यावर तो कॅमेरा कोटाखाली ठेवी. क्षणभर कोट बाजूला सारून कळ दाबी. पत्नी स्टेफानिया त्याच्यासोबत असे आणि कोणी येत नाही ना, यावर नजर ठेवी. ग्रॉसमनने कोटाचे खिसे आतून कापून घेतले होते. हात खिशात घातल्यासारखे दिसत, प्रत्यक्षात ते कॅमेऱ्यावर असत. शरीर ज्या दिशेला वळवायचे, कॅमेरा त्या दिशेला वळे. डोळा भिंगाला न लावता, अंदाजाने काढलेली ही छायाचित्रे आहेत. म्हणून त्यांत कधी चौकट तिरपी आहे, कधी कडेला कोटाचा काळा काठ आला आहे. तो काठ पाहिला की छायाचित्रकार कुठे आणि कसा उभा होता हेही आपल्याला दिसते.

एकदा रॉसने याहून मोठे धाडस केले. राडोगोश्च स्थानकावरून माणसे मालगाड्यांत भरून पाठवली जात. तेथे काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांच्या मदतीने तो सिमेंटच्या गोदामात शिरला, बाहेरून कुलूप लावून घेतले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत बसून फळीतल्या भोकातून गाडीत चढवल्या जाणाऱ्या माणसांचे फोटो काढले. पुढे १९६१ मध्ये जेरुसलेम येथे आडोल्फ आइकमनवर खटला चालला, तेव्हा रॉसने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून हा प्रसंग सांगितला आणि त्याची छायाचित्रे पुरावा म्हणून दाखल झाली.

ही धडपड लोड्झपुरती नव्हती. लिथुआनियातील काउनास शहराच्या घेट्टोत जॉर्ज कादिश नावाचा विज्ञानशिक्षक कॅमेरा कोटाखाली लपवून बटणाच्या काजातून फोटो काढी. क्ष-किरण यंत्रे दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्यामुळे जर्मनांच्याच इस्पितळात तो आपल्या फिल्मा धुई आणि कुबड्यांच्या पोकळीत घालून बाहेर आणी. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमारीने वीस हजारांहून अधिक माणसे मेली. तेव्हा ॲम्स्टरडॅममधील छायाचित्रकारांनी पिशव्यांत कॅमेरे दडवून रांगा, रिकामी भांडी आणि जळणासाठी उखडलेले लाकूड टिपले. युद्ध संपताच १९४५ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरले आणि 'दडलेला कॅमेरा' या अर्थाच्या डच नावाने हा गट ओळखला जाऊ लागला. देश वेगळे, संकटाची जात वेगळी. पण आपल्यावर काय गुदरते आहे ते आपणच नोंदवले पाहिजे, ही जाणीव एकच.

काय टिपले?

रॉसच्या छायाचित्रांत घेट्टोतला रोजचा दिवस दिसतो. मैल्याच्या टाकीची गाडी ओढणारे स्त्री-पुरुष आहेत. जमीन उकरून बटाट्याचे तुकडे शोधणारी मुले आहेत. दुपारचे सूप पिणारे कामगार आहेत. जाळलेल्या सिनेगॉगच्या ढिगाऱ्यातून धर्मग्रंथ वाचवून आणलेला एक माणूस आहे. एका शेतातल्या बुजगावण्यावर पिवळा तारा आहे. ते बुजगावणे पाहून मी बराच वेळ थबकलो. गवताच्या माणसाच्या कोटावरही तो शिक्का आला, यातच त्या राजवटीचे सर्व तर्कशास्त्र आले, असे मला वाटले.

आणखी एक चित्र आहे. १९४४ मधले. त्यात एकही माणूस नाही. जमिनीवर डबे, बादल्या, भांडी विखुरलेली आहेत. गाडीतून नेलेल्या लोकांनी मागे टाकलेली. घेट्टोत सूप मिळायचे तर स्वतःचे भांडे जवळ असावे लागे. ज्याच्याकडे भांडे नाही त्याला सूप नाही. म्हणून माणूस जाईल तेथे डबा बरोबर नेई. ही गोष्ट ठाऊक असली म्हणजे त्या विखुरलेल्या डब्यांचा अर्थ कळतो. पुन्हा जेवायची वेळ येणार नाही, हे त्या डब्यांनी माणसांआधी सांगून टाकले आहे.

ग्रॉसमनने स्वतःच्या कुटुंबाचेही फोटो काढले. डोळ्यांदेखत खंगत जाणारी आपली माणसे तो टिपत राहिला. त्याचे एक काम मात्र मला सर्वांत मोठे वाटते. सप्टेंबर १९४२ च्या संचारबंदीत ज्यांना जागच्या जागी गोळ्या घातल्या, त्यांचे मृतदेह पुरण्यापूर्वी त्याने त्यांचे चेहरे क्रमांकांसह टिपले. घरचे लोक तेव्हा घरात कोंडलेले होते. पुढे त्यांना आपल्या माणसाची कबर ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू. येथे छायाचित्र ही कला राहत नाही, बातमीही राहत नाही. ते एखाद्या अंत्यविधीसारखे कर्तव्य होते.

'माणसे मरत असताना फोटो काय काढायचे? मदत का करायची नाही?' असा प्रश्न अशा वेळी नेहमी विचारला जातो. आमच्या वर्गातही तो विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना आपण एक गोष्ट विसरतो. दुरून आलेल्या वार्ताहराला हा प्रश्न विचारता येतो, कारण फोटो काढून झाल्यावर तो परत जाणार असतो. ग्रॉसमन कुठे जाणार होता? तोही त्याच रांगेत, त्याच सुपावर जगत होता. ज्याच्या हाती दुसरे काहीच उरलेले नाही त्याची साक्ष हीच मदत असते. फक्त ती मदत जिवंत माणसांना नव्हे, पुढच्यांना पोहोचते.

पुरलेली पेटी

छायाचित्रे काढणे हे अर्धेच काम. ती टिकवणे हे उरलेले अर्धे. घेट्टो रिकामा होऊ लागला तेव्हा रॉसने १९४४ च्या शरदात आपल्या सुमारे सहा हजार निगेटिव्ह डब्यांत भरल्या, त्या डांबर लावलेल्या लाकडी पेटीत ठेवल्या आणि यागेलोन्स्का रस्त्यावर जमिनीत पुरल्या. आपण जगू याची त्याला खात्री नव्हती. आपल्या लोकांच्या शोकांतिकेची काही तरी नोंद मागे राहावी, एवढीच इच्छा होती. योगायोगाने घेट्टोची साफसफाई करण्यासाठी मागे ठेवलेल्या काही शेकडा लोकांत तो राहिला. १९ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजा शहरात आल्या. मार्चमध्ये रॉसने पेटी उकरून काढली. तो उकरण्याचा प्रसंगही छायाचित्रात आहे.

पेटीत पाणी शिरले होते. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो फुगतो, सुटतो, त्याला बुरशी लागते. जवळजवळ निम्म्या निगेटिव्ह गेल्या. उरलेल्यांपैकी कित्येकांच्या कडा खाल्लेल्या आहेत. चेहऱ्यांवर ढगासारखे डाग आले आहेत. मातीने स्वतःचाही शिक्का त्यांवर उमटवला, असे म्हणावे लागते.

ग्रॉसमनचे नशीब निराळे. त्याने आपल्या दहा हजारांच्या आसपास निगेटिव्ह घरातल्या खिडकीच्या लाकडी कट्ट्याखाली लपवल्या. त्याला जर्मनीतील छावणीत नेण्यात आले आणि युद्ध संपायला थोडे दिवस उरले असताना सक्तीच्या पायपिटीत तो मेला. त्याच्या बहिणीने निगेटिव्ह मिळवून पॅलेस्टाइनला पाठवल्या. तेथे १९४८ च्या युद्धात त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या. एका युद्धातून वाचलेले दुसऱ्या युद्धात गेले! तरीही ग्रॉसमनची कित्येक छायाचित्रे आज आपल्याला पाहता येतात. कारण तो छापलेले फोटो मित्रांना, ओळखीच्यांना वाटत असे. पेटी एक असली की ती एकदाच हरवते. शंभर हातांत गेलेली वस्तू सगळीच्या सगळी हरवत नाही.

नको असलेली छायाचित्रे

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. रॉसच्या पेटीत केवळ उपासमार आणि मृत्यू नव्हता. त्यात लग्ने होती. वाढदिवसासारखे सोहळे होते. टेबलाभोवती बसून खाणारी-पिणारी, हसणारी माणसे होती. बाळाला उंच उचलणारे आईबाप होते, चुंबन घेणारी जोडपी होती. ज्यू पोलिसाचा छोटा गणवेश घालून दुसऱ्या मुलाला 'पकडण्याचा' खेळ खेळणारा एक मुलगा होता. घेट्टोतही वरचा वर्ग होता : कचेरीतले अधिकारी, पोलीस, त्यांची कुटुंबे. त्यांना थोडे अधिक अन्न मिळे. रॉस स्वतः या कचेरीचा नोकर असल्याने त्याचा वावर त्यांच्यात होता.

ही छायाचित्रे वर्षानुवर्षे फारशी कोणी पाहिली नाहीत. युद्धानंतर लोकांसमोर आली ती मुख्यतः छळाची, उपासाची, पाठवणीची चित्रे. हसऱ्या छायाचित्रांसह हा संग्रह प्रथमच ठळकपणे पुस्तकरूपाने आला तो २००४ मध्ये, म्हणजे रॉसच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. आज हा संग्रह कॅनडातील टोरांटो येथील आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारियो या संस्थेत आहे.

ती इतकी वर्षे मागे का राहिली असतील, हे समजणे कठीण नाही. 'बघा, यांचे तर बरे चालले होते' असे म्हणायला टपलेले लोक जगात आहेत. शिवाय ज्याचे मूल पाठवणीत गेले, त्याने त्याच काळातल्या पोलिसाच्या घरची मेजवानी पाहावी तरी कशी? माझ्या एका मित्राचे म्हणणे असे की, ही छायाचित्रे प्रसिद्धच करू नयेत. मृतांचा त्यात अवमान आहे. मला ते पटत नाही. त्याची दोन कारणे मी देतो.

पहिले कारण असे. केवळ प्रेतांची आणि हाडांच्या सापळ्यांची छायाचित्रे पाहत राहिलो, तर मेलेली माणसे आपल्या लेखी जन्मतःच बळी होती असे होऊन बसते. मारेकऱ्यांनी त्यांच्याकडे तसेच पाहिले होते. नवरीच्या चेहऱ्यावरचे हसू पाहिले म्हणजे कळते की, ती नवरी होती. तिला उद्याची आशा होती, निदान आजच्या संध्याकाळची तरी होती. तिचा अंत ठाऊक असल्यामुळे ते हसू आपल्याला असह्य होते. पण तो अंत आपल्याला ठाऊक आहे, तिला नव्हता.

दुसरे कारण अधिक कडू आहे. संकट आले की सारे समान होतात, असे आपण भाषणांतून ऐकतो. रॉसची छायाचित्रे सांगतात की तसे होत नाही. कुंपणाच्या आतही वर आणि खाली असतेच. जुलमी राजवट ते मुद्दाम टिकवते, कारण आतल्या आत फूट असली की बाहेरून पहारा कमी लागतो. पोलिसाचा खेळ खेळणाऱ्या मुलाने ही व्यवस्था खेळातूनच शिकून घेतली होती. मात्र हेही विसरता कामा नये की, १९४४ च्या मालगाड्यांनी वरचा आणि खालचा असा भेद फारसा केला नाही. ही सारी गुंतागुंत लपवली तर आपल्या हाती कथा राहील, इतिहास राहणार नाही.

रंगीत पारदर्शिका

कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणतात. या समजुतीची परीक्षा पाहायची असेल, तर त्याच घेट्टोत फिरलेल्या आणखी एका नागरिकाच्या कॅमेऱ्याकडे पाहावे. वाल्टर गेनेवाइन हा ऑस्ट्रियन माणूस घेट्टोच्या जर्मन प्रशासनात हिशेबाचा प्रमुख होता. त्यालाही छायाचित्रणाचा छंद होता आणि त्याच्याजवळ तेव्हा नवलाईची असलेली रंगीत फिल्म होती. त्याने काढलेल्या सुमारे चारशे रंगीत पारदर्शिका १९८७ मध्ये व्हिएन्नात सापडल्या. त्यांत कारखाने नीटनेटके आहेत, टोप्यांचे ढीग व्यवस्थित रचलेले आहेत, कामगार माना खाली घालून कामात आहेत. आभाळ निळे आहे. १९९८ मध्ये दारिउश याब्वोन्स्की या पोलिश दिग्दर्शकाने या पारदर्शिकांवर 'फोटोअमाटोर' नावाचा अनुबोधपट केला. त्यातून कळते की, फिल्मवर तांबूस छटा येते अशी तक्रार गेनेवाइनने फिल्मच्या कंपनीकडे पत्राने केली होती. रोज माणसे मरत असलेल्या जागी त्याला खटकला तो रंग!

गेनेवाइनच्या चित्रांतही काही खोटे 'घातलेले' नाही. ते कारखाने होते, त्या टोप्या होत्या. रॉसने नोकरीचा भाग म्हणून काढलेले कारखान्यांचे फोटोदेखील त्याच नमुन्याचे आहेत. फरक पडतो तो चौकटीच्या बाहेर काय ठेवले यात. गेनेवाइनने चौकटीबाहेर ठेवलेले जग रॉसने आणि ग्रॉसमनने चौकटीत आणले, आणि तेही त्याच प्रशासनाने पुरवलेल्या फिल्मवर. म्हणून कोणतेही ऐतिहासिक छायाचित्र समोर आले की मी आता काही प्रश्न विचारू लागलो आहे. हे कोणी काढले? कोणाच्या पैशाने आणि परवानगीने? कोणाला दाखवण्यासाठी? काढताना छायाचित्रकाराला कशाची भीती होती? आणि कडेला काय कापले गेले आहे? कागदी दस्तऐवजाला आपण जी कसोटी लावतो, तीच छायाचित्राला लावली पाहिजे. आपल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात साधनांची चिकित्सा शिकवतात. तेथे ताम्रपट आणि बखरी असतात, छायाचित्रे क्वचितच असतात. ती असावीत, अशी आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी. रॉसच्या छायाचित्रांतील पुष्कळ माणसांची नावे आज सांगता येत नाहीत. चेहरा आहे, कोट आहे, हातातला डबा आहे, नाव नाही. ज्यांनी नावे सांगितली असती ती माणसेच उरली नाहीत. ज्यांना ग्रॉसमनने क्रमांक देऊन टिपले, त्यांच्या बाबतीत त्याला हाच धोका दिसला होता. आपल्यावर सुदैवाने तशी वेळ नाही. पण आपल्या घरच्या ट्रंकेत, भिंतीवरच्या चौकटीत आणि फोनमध्येही कित्येक चेहरे असे आहेत की, ते कोण हे घरातले एखादेच माणूस सांगू शकते. सुटीत घरी गेलात की आजी-आजोबांजवळ बसा, फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. आणि त्याची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. ग्रॉसमनची छायाचित्रे तशीच टिकली.